बांध कोरणाऱ्या विंडो

बांधावरून कोर्टात जावं ते आपल्याच माणसांनी, असा आमच्या हिंगोलीकडं एक गोड गैरसमज आहे. १७ मार्च १९८८ रोजी अमेरिकेत ॲपल कंपनीनं मायक्रोसॉफ्टवर जो दावा लावला, त्याची कागदपत्रं आमच्या कळमनुरीच्या एखाद्या जुन्या वकिलापुढं ठेवली असती तर त्यानं चष्मा वर करून एकच विचारलं असतं, "कोण कोणाच्या हद्दीत शिरलं?" कारण दाव्यात बाबी एकूण १८९ असल्या, तरी खरं दुखणं एक होतं. संगणकाच्या पडद्यावर एक विंडो दुसऱ्या विंडोवर चढते, आणि हे चढणं आमचं आहे, असं ॲपलचं म्हणणं. १९८५ साली दोघांत करार झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या विंडो शेजारीशेजारी, आपापल्या हद्दीत गुमान बसायच्या. १९८७ सरता सरता नवी आवृत्ती आली आणि त्या एकमेकींच्या अंगावर जायला लागल्या. १७९ बाबी करारातच दिलेल्या आहेत, असं कोर्टानं ठरवलं. राहिलेल्या दहांपैकी बहुतेकांवर अशी मालकी सांगता येत नाही, असंही सांगितलं. मग अपील, त्यावर अपील, आणि १९९५ मध्ये प्रकरण एकदाचं मिटलं. सात वर्षं! आपल्याकडं सात वर्षांत फार तर मोजणीची तारीख मिळते, आणि मोजणीच्या दिवशी शेजारी नेमका लग्नाला गेलेला असतो.

पण बांधाचा नाद सोडता येत नाही, कारण सगळी गंमत तिथंच आहे. २० नोव्हेंबर १९८५ ला जे पहिलं विंडोज आलं, त्यात कुणी कुणाला झाकायचं नाही असा कडक नियम होता. नवी विंडो उघडली की जुन्या आपोआप आक्रसायच्या आणि तिला जागा करून द्यायच्या. एखादा छोटा प्रश्न विचारणारा चौकोन तेवढा वर येऊन बसायचा. ऐकायला किती समंजस वाटतं! पण त्या काळचे पडदे ते केवढे? चार कामं काढली की प्रत्येकाच्या वाट्याला चिंधोटी यायची. दोन एकर चार भावांत वाटलं की कुणाच्याच तुकड्यात औत वळत नाही, तीच गत. शेवटी कंपनीनं बांध काढले आणि म्हणाली, चढा एकमेकींवर, ज्याचं काम चालू तो वर. बाकीच्यांनी खाली दबून राहायचं.

ही एकावर एक चढायची कल्पना मुळात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रातली. १९७९ साली ॲपलची मंडळी तिथं बघायला गेली, त्यांत बिल ॲटकिन्सन होता. तिथल्या पडद्यावर खालची विंडो वरच्या विंडोच्या कडेनं अर्धवट दिसत असतानाही आपलं चित्र बरोबर रंगवत राहते, असं त्याला वाटलं. परत येऊन त्यानं डोकं खपवून ती युक्ती बसवली. पुढं कळलं, की तिथल्या लोकांना ते तसं जमलेलंच नव्हतं. त्यानं नसलेलं पाहिलं होतं, आणि पाहिलंय म्हटल्यावर ते होणारच या हिमतीवर करून दाखवलं. कॉपी करणाऱ्यांत असा माणूस शंभरात एखादा निघतो. बाकीचे असलेलंसुद्धा चुकीचं उतरवून आणतात.

आमच्याकडं हे सगळं आलं ते फार उशिरा, आणि सोवळ्यानं आलं. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. परभणीहून फायलींची बोचकी आली, कपाटं आली, आणि मागोमाग कुठल्या कुठल्या कार्यालयांत संगणक आले. त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं. साहेबांच्या डोक्यावर कुरकुरणारा पंखा असायचा आणि संगणकाला एसी. मॉनिटरला फुलाफुलांच्या कापडाचा अभ्रा, कीबोर्डला वेगळा, माऊसला बिचाऱ्याला आणखी एक. सकाळी अभ्रे काढायचे आणि घड्या घालून ठेवायच्या, या कामाला एक शिपाई होता, आणि तो ते फार मनापासून करायचा. अशा वातावरणात दोन विंडो एकदम उघडायची कुणाची छाती? एक उघडायची, काम करायचं, बंद करायची, मग दुसरी. दुसरी चुकून आपोआप उघडली तर हात जोडून खोलीबाहेर यायचं आणि परभणीच्या माणसाला फोन लावायचा.

ही भीती घालवली ती एमएस-सीआयटीनं. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं हा अभ्यासक्रम काढला आणि बघता बघता तालुक्यातालुक्याला, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर, गुळाच्या वासात त्याचे वर्ग सुरू झाले. सरकारी नोकराची वेतनवाढ या परीक्षेला बांधल्यावर तर पन्नाशीतले ग्रामसेवक आणि गुरुजी आपल्याच माजी विद्यार्थ्यांपुढं वही घेऊन बसले. सर, मिनिमाइज म्हणजे खाली ठेवायचं, बंद करायचं नाही. मॅक्सिमाइज म्हणजे मोठं करायचं. फुली मारली की गेलं. हे तीन धडे एका पिढीनं इतके घोकले, की आमचे एक स्नेही बायकोशी भांडण झालं की "आत्तापुरतं मिनिमाइज कर" म्हणतात. ती करत नाही, ते सोडा.

घोकूनही एक अडचण राहायचीच, आणि ती आमच्या अडाणीपणाची नव्हती, याचा पुरावा मायक्रोसॉफ्टच्याच घरात सापडतो. विंडोज ३.१ मध्ये विंडो खाली ठेवली की तिचं एक टीचभर चित्र होऊन ते पडद्याच्या तळाशी जाऊन बसायचं, आणि दुसरी विंडो मोठी केली की ते चित्रही झाकलं जायचं. नव्या लोकांना बसवून बघितलं तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं, की जे झाकलं गेलं ते संपलं, असंच माणसं धरून चालतात. गेलं म्हणायचं आणि तेच काम पुन्हा नव्यानं उघडून बसायचं! २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ मध्ये म्हणून खाली ती पट्टी आली. जे जे उघडं, त्याचं नाव पट्टीवर, ओळीनं. दबलेला असो, झाकलेला असो, नाव दिसणार. मला विचाराल तर गेल्या तीस वर्षांत संगणकावर एवढी माणुसकीची दुसरी सोय झालेली नाही.

मागं पडलेल्याला पुढं आणायचं म्हटलं तर आमच्या जिल्ह्याचा हक्क फार जुना आहे. संत नामदेवांची नर्सी हिंगोली तालुक्यात, आणि ज्योतिर्लिंगाचं औंढा नागनाथ तिथून फार लांब नाही. सांगतात, की नामदेवराय औंढ्याला देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांना त्याची अडचण झाली आणि त्यांनी नामदेवांना मागच्या बाजूला जायला सांगितलं. ते गेले, मागं उभे राहून त्यांनी कीर्तन धरलं, आणि देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. नंदी तेवढा होता तिथंच राहिला. आजही औंढ्याला गेलं की नंदी देवळाच्या पाठीमागं दाखवतात. ऑल्ट धरून टॅब दाबावं आणि मागचं पुढं यावं, यात नवल वाटून घ्यायचं आम्हाला काही कारण नाही. आमच्याकडं दगडाच्या देवळानं ते बटणावाचून केलंय.

आता घरातली गोष्ट. आमचे चिरंजीव हिंजवडीत कामाला आहेत. दिवाळीला आले की पहिल्या दिवशी फराळ आणि दुसऱ्या दिवशी माझ्या संगणकाची साफसफाई.

"बाबा, एवढे टॅब? हे रेल्वेचं पान किती दिवसांचं आहे?"

"असू दे. अकोल्याची गाडी बघायची होती."

"गेली ती केव्हाच." असं म्हणून त्यानं फुली मारली. मग हवामानाचं पान गेलं, हळदीच्या भावाचं गेलं, अर्धवट वाचलेला एक लेख गेला. "लागलं की परत उघडायचं बाबा, पळून जातं का कुठं?"

तो माऊस घेऊन बसला होता तेव्हा मी बघत होतो. किती सहज मारत होता फुल्या! त्याच्या स्वतःच्या संगणकावर म्हणे चार वेगळे डेस्कटॉप आहेत. ऑफिसचं एकावर, घरचं दुसऱ्यावर, असं. ही युक्तीही त्याच झेरॉक्सवाल्यांची. १९८६ मध्ये ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी 'रूम्स' नावाची व्यवस्था मांडली होती. लहान पडद्यावर माणसाचा वेळ कामापेक्षा विंडो सरकवण्यातच जातो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी प्रत्येक कामाला आपली एक खोली दिली. आपल्या विंडोज १० मध्ये ती यायला २०१५ साल उजाडलं. खोल्या झाल्या, दारं झाली, एकदम व्यवस्थित. पण चिरंजीवांच्या त्या सफाईमागं निराळंच काहीतरी आहे असं मला वाटत राहिलं, आणि ते काय ते मला पुढं औंढ्याच्या रस्त्यावर एका सेवा केंद्रात समजलं.

साल २०२३, महिना जुलै. खरिपाचा पीक विमा त्या वर्षी पहिल्यांदाच एक रुपयात होता, त्यामुळं ज्याचं अर्धा एकर सोयाबीन तोही रांगेत. शेवटची तारीख ३१ जुलै. ती नंतर ३ ऑगस्टपर्यंत वाढली, पण रांगेतल्या माणसाला ते आधी कसं कळावं? रात्रीचे साडेदहा होऊन गेलेले. टपरीवजा गाळा, आत एक टेबल, त्यावर संगणक, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि चहाच्या कपांचे गोल डाग. बाहेर बाकड्यावर सात-आठ जण, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक. संगणकापुढं पंचविशीतला पोरगा.

त्याच्या ब्राउझरमध्ये टॅब इतके दाटलेले होते, की नावं कधीच पुसली गेली होती. नखाएवढी चित्रं तेवढी उरलेली. तरी त्याचा हात एकदाही चुकला नाही. विम्याचं पान एका ब्राउझरमध्ये तीनदा उघडलेलं, दुसऱ्यात दोनदा, कारण एक अडकलं तर दुसरं चालतं. सातबाऱ्याचं पान वेगळं. फोटोचे केबी कमी करायची साइट. हे 'केबी कमी करणं' म्हणजे या धंद्यातलं निम्मं काम. पासबुकाचा फोटो मोबाईलवर काढला की तो नेमका मर्यादेच्या वर जातो. कागद मागवायला व्हॉट्सॲप. एका कोपऱ्यात भजन, आवाज बंद करून. का ते मी विचारलं नाही.

आणि तो एक गोष्ट सारखी करत होता. एका माणसाचा फॉर्म भरता भरता मधेच दुसऱ्या टॅबवर जायचा, तिथं कुठंतरी उगीच क्लिक करायचा, तिसऱ्यावर जायचा, तिथंही तेच, आणि परत मूळ जागी. मी न राहवून विचारलं.

"हात लावावं लागतंय काका. धा-पंधरा मिन्टं शिवलं नाही की लॉगआऊट करायलंय ते. परत लॉगिन करावं तर उघडंना."

बाकड्यावरून एक म्हातारे उठून आत आले. त्यांना तेवढी दाटी पडद्यावर बघून काळजी लागली असावी.

"ह्यात माझं कोणतं रं?"

"सहावं, मामा. चक्री फिरायलीय बघा."

"फिरू दे. रात्रभर फिरू दे. पण मिटू नको बाबा."

तेव्हा माझ्या डोक्यात चिरंजीवांच्या फुल्यांचं गणित सुटलं. बंद करायला भरवसा लागतो. जे बंद केलं ते हव्या त्या घडीला परत उघडेल, याची ज्याला खात्री, तोच नीटनेटका. हिंजवडीत नेट जात नाही, लाईट गेली तर तळघरातलं जनरेटर लिफ्टसुद्धा थांबू देत नाही. तिथं पडदा मोकळा ठेवणं हा स्वभाव म्हणून खपतो. इथं दुपारी बाराला न उघडलेलं पान रात्री अकराला उघडलंय. त्या पानाला फुली मारणाऱ्याला नीटनेटका कोण म्हणेल? आमच्याकडं त्याला दुसरा शब्द आहे. ही मिनिमाइज-क्लोजची सगळी शिस्त ज्यांनी आखली ते हुशारच होते, पण उघडलेलं पान ही कमाई असते, हे पालो आल्टोत बसून कुणाला सुचलं नसणार. त्यांच्या लेखी उघडणं फुकट होतं.

आणि मग लाईट गेली.

यूपीएस टीं टीं करायला लागलं. बाहेरचं बोलणं थांबलं. ते यूपीएस जुनं, पाच-सात मिनिटांचं धनी, हे सगळ्यांनाच ठाऊक असावं. पोरगा मात्र हलला नाही. त्यानं भजनाचं पान उडवलं, केबीचं उडवलं, व्हॉट्सॲप उडवलं. त्या रात्री त्याच्या हातून फुली पडलेली मी तेवढीच पाहिली. मग ज्यांचे पैसे कटले होते आणि पावती यायची होती, ती दोन पानं पुढं घेतली. एकाची पावती आली. प्रिंटर बंद म्हणून त्यानं ती पीडीएफ करून ठेवली. दुसरं फिरतच राहिलं. त्यानं मोबाईल काढून पडद्याचा फोटो मारला, अर्जाचा नंबर दिसेल असा, आणि ज्याचं होतं त्याला म्हणाला, "दादा, तुमचं झालंय समजा, सकाळी पावती देतो." एवढं होईतो टीं टीं बंद झालं आणि पडदा काळा झाला. टपरीच्या पत्र्यावर पाऊस आहे हे तेव्हा कळलं.

वीसेक मिनिटांनी लाईट आली. संगणक सुरू झाला आणि त्यानं ब्राउझर उघडल्याबरोबर आलेली पाटी वाचून दाखवली, की मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं, पानं परत उघडू का? बाकडं हसलं. नीट बंद करायला याला सवड कुणी दिली होती? त्यानं हो म्हटलं. पानं भराभर परत आली, ओळीनं, होती तशी, आणि एकेकावर तेच लिहिलेलं होतं, पुन्हा लॉगिन करा. खाली वाकडीतिकडी अक्षरं, ती ओळखून टाका, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होईल. म्हाताऱ्यांचं सहावं पान रात्री सव्वाबाराला पूर्ण झालं. ते पावतीची घडी घालून पिशवीत ठेवून गेले, आणि पोरगा सातव्याला शिवला.

याच्या अगदी उलट माणूस बघायचा असेल तर वसमतच्या हळदीच्या पेठेत एखाद्या अडत्याकडं जावं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भाव कधी आकाशाला, कधी पायरीला, मालक मोबाईलवर वायद्याचा दर बघून अस्वस्थ. पण मुनिमाच्या पडद्यावर टॅली आणि फक्त टॅली. कडेपासून कडेपर्यंत. माऊस आहे, पण तो वह्यांखाली. नोंद, एंटर, नोंद, एंटर. त्याला विंडो सांभाळण्याबद्दल काही विचारण्यात अर्थ नाही. मी विचारलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि किती कट्टे आहेत ते विचारलं.

दरम्यान बाहेर जगात गंमत झाली. ज्या बांधांवरून एवढं रामायण घडलं, ते बांध परत आले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये विंडो ओढून पडद्याच्या कडेला नेली की ती निम्म्या पडद्यात चपखल बसायला लागली. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तर आखीव तुकडेच तयार मिळतात, दोन पाहिजेत का तीन, का चार. शेजारीशेजारी, आपापल्या हद्दीत, कुणी कुणावर चढायचं नाही. म्हणजे १९८५ चंच. मधल्या काळात पडदे मोठे झाले एवढाच फरक. जमीन वाढली की भावाभावांत गोडी राहते, हे आमच्याकडं कुणीही सांगितलं असतं, पण विचारलं कुणी?

औंढा तालुक्यातल्या दुधाळ्यात आता लायगोची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि काम काय, तर कुठंतरी दूर दोन कृष्णविवरं आदळली की त्याची अणूपेक्षा लहान थरथर टिपायची. अमेरिकेतल्या अशा वेधशाळांच्या नियंत्रण कक्षाचे फोटो मी पाहिलेत. भिंतभर पडदे, पडदाभर विंडो, आणि त्यांतलं काय हललं ते ओळखायला बसलेली जाणती माणसं. भरती निघेल तेव्हा आमच्या त्या पोरानं अर्ज करावा असं माझं मत आहे. नावं पुसलेल्या टॅबांतून सहावं पान हललं, हे रात्री सव्वाबाराला ओळखणारा माणूस त्यांना बाहेरून आणायची गरज नाही. अर्ज ऑनलाइनच असेल, तो त्याचा तो भरेल.

तोवर औंढ्याला दर्शनाला याल, येता येता एखादा सातबारा काढायचा राहिलेला असेल, आणि अशाच एखाद्या केंद्रात थांबायची वेळ आली, तर पोराच्या खांद्यावरून डोकावून "एवढं उघडं कशाला ठेवलंस" असं म्हणू नका. कोपऱ्यात भजन लागलेलं दिसलं तर तेही राहू द्या. आणि मदत करायची कितीही ऊर्मी आली, तरी माऊसला हात लावू नका. त्यातलं एक पान तुमच्यामागं बाकड्यावर बसलेल्या कुणाचं तरी आहे.